गाव सोडून गेलेल्यांना मोजल्याशिवाय गावाचं समाधान कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही गावांत आणि मुंबई-ठाणे-विरार पट्ट्यात राहणाऱ्या कोकणी कुटुंबांत जीवन-समाधानाची पाहणी करायची आहे. दोन्हीकडच्या सरासरीत फरक आला, तर 'शहरात गेल्याने माणसं अधिक समाधानी होतात' किंवा 'गाव सुटल्याने माणसं दुःखी होतात' असं म्हणता येईल का? येत नसेल, तर त्यासाठी काय करावं लागेल?

दोन सरासऱ्या शेजारी ठेवून यातलं काहीच म्हणता येत नाही. स्थलांतराने एकाच वेळी तीन गोष्टी होतात. जाणाऱ्याचं आयुष्य बदलतं, मागे राहिलेल्यांचं बदलतं, आणि कुठल्या सरासरीत कोण मोजलं जातंय तेही बदलतं. ही तिसरी गोष्ट सहज नजरेतून सुटते आणि सगळ्यात मोठा घोळ तीच घालते. म्हणून आधी तिचा हिशोब मांडू.

समजा 'अ' प्रदेशात १००० माणसं आहेत आणि ० ते १० च्या मापावर त्यांची सरासरी ६.० आहे. 'ब' मध्ये २००० माणसं, सरासरी ६.५. म्हणजे फरक अर्ध्या गुणाचा. आता 'अ' मधली २०० माणसं 'ब' मध्ये गेली. ती मुळातच नाखूश होती, सरासरी ५.२, आणि तिकडे जाऊनही तेवढीच नाखूश राहिली असं धरा. 'अ' ची एकूण बेरीज ६००० होती, त्यातून १०४० गेले, उरले ४९६०. भागिले ८००, नवी सरासरी ६.२. 'ब' ची बेरीज १३,००० अधिक १०४०, भागिले २२००, म्हणजे ६.३८. अर्ध्या गुणाचा फरक ०.१८ वर आला आणि एकाही माणसाच्या आयुष्यात काडीचा बदल झालेला नाही. उलट जाणारे २०० जण गावातले शिकलेले, हुशार, ६.८ वाले असतील, तर 'अ' ५.८ वर उतरतो, 'ब' ६.५३ वर चढतो आणि फरक ०.७३ होतो. तेव्हाही कोणाचं काही बदललेलं नसतं.

यावरचा उपाय साधा आहे. प्रत्येक प्रदेशाची सरासरी दोनदा काढायची: एकदा माणूस आज जिथे राहतो त्यानुसार आणि एकदा तो जिथे जन्मला-वाढला त्यानुसार. वरच्याच उदाहरणात ते २०० जण 'ब' मध्ये जाऊन ५.२ वरून खरोखर ६.० वर पोचले असं धरा. राहत्या जागेनुसार फरक ०.२५ दिसेल आणि 'अर्धा फरक मिटला' असं वाटेल. जन्मजागेनुसार 'अ' ची सरासरी ६.१६ येते, फरक ०.३४. म्हणजे खरी कमाई ०.१६ ची आहे. उरलेली सुमारे ०.०९ ची घट निव्वळ माणसं एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेल्याची आहे. अर्थात ५.२ हा आकडा, म्हणजे जाण्याआधी ती माणसं कुठे होती, हे माहीत असेल तरच हा हिशोब पुरा होतो. एकाच वेळी केलेल्या पाहणीत तो नसतो. पुढची जवळजवळ सगळी खटपट त्या एका आकड्याच्या शोधासाठी आहे.

कोकणात ही बाब किरकोळ नाही. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे आकसले. २०११ ला रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. म्हणजे रत्नागिरीतल्या गावाची सरासरी काढताना तुम्ही बऱ्याच अंशी तिथल्या स्त्रियांची, म्हाताऱ्यांची आणि परत आलेल्यांची सरासरी काढत असता. दुसरं टोकही हललेलं आहे. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हा ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरला आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. लालबाग-परळमधला कोकणी माणूस शोधायला निघालात तर तो बहुधा दिवा, डोंबिवली, नालासोपारा नाहीतर विरारला सापडेल. त्याच्या दिवसातले तीन-चार तास लोकलमध्ये जात असतील, तर 'मुंबईत राहणाऱ्याचं समाधान' या शब्दांचा अर्थही त्याच्यापुरता वेगळा होतो.

या विषयावरचा सगळ्यात धडधडीत पुरावा जर्मनीतला आहे, कारण तिथे पाहणी अगदी योग्य वेळी सुरू झाली. पश्चिम जर्मनीत १९८४ पासून त्याच त्या कुटुंबांना दरवर्षी भेटणारी सोशिओ-इकॉनॉमिक पॅनेल ही पाहणी चालू होती. पूर्व जर्मनीतली पहिली फेरी जून १९९० मध्ये झाली, म्हणजे १ जुलैला चलन एक होण्याच्या आणि ३ ऑक्टोबरला देश एक होण्याच्या आधी. 'सगळं धरून तुमच्या आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात' हा ० ते १० चा एकच प्रश्न, दरवर्षी, आणि माणूस गाव सोडून गेला तर त्याच्या नव्या पत्त्यावर जाऊन. सुरुवातीच्या वर्षांत पूर्वेकडचे लोक पश्चिमेपेक्षा साधारण एक गुण खाली होते, मग ते अंतर हळूहळू कमी झालं. बर्लिन वगळता १९९१ ते २०१७ या काळात सुमारे ३७ लाख लोक पूर्वेकडून पश्चिमेकडे गेले आणि साडेचोवीस लाखांच्या आसपास उलट दिशेने आले. जाणाऱ्यांत तरुण आणि त्यातही तरुण स्त्रिया जास्त. अंतर कमी झालं त्यात पूर्वेच्या वाढलेल्या मिळकतीचा वाटा किती आणि माणसं हलल्याचा किती, हे तिथे विचारता तरी येतं, कारण गेलेल्या माणसाचा जाण्याआधीचा आकडा नोंदलेला आहे. आपल्याकडे असं पॅनेल नाही, म्हणून आपल्याला तो आकडा दुसऱ्या वाटेने गाठावा लागतो.

मागे वळून विचारणं ही ती वाट नव्हे. 'पाच वर्षांपूर्वी गावी असताना तुम्ही किती समाधानी होतात?' हा प्रश्न प्रश्नावलीत घालायचा मोह होतोच. तो का टाळायचा ते टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटांवरून न्यूझीलंडला गेलेल्यांच्या अभ्यासात स्वच्छ दिसतं. त्या अभ्यासाच्या काळात न्यूझीलंड दरवर्षी टोंगातल्या ठरावीक लोकांना, साधारण अडीचशे जणांना, सोडत काढून कायम राहायची परवानगी देत असे. सोडतीत नाव निघालेले आणि न निघालेले, दोघांनाही जायचं होतंच. त्यामुळे 'जाणारा मुळातच वेगळा असतो' ही अडचण तिथे उरत नाही. संशोधकांनी दोन्ही गटांची तुलना केली. गेलेल्यांची मिळकत आणि खर्च पुष्कळ वाढला, मानसिक आरोग्य सुधारलं, पण आनंद मात्र घटला. आपली एकंदर स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली असं गेलेले लोक मागे वळून सांगत होते, पण न गेलेल्यांशी तुलना केली तर तिथे काहीच फरक नव्हता. समाजातल्या मानाचं तर उलटंच झालं: आठवणीनुसार मान वाढला होता, तुलनेत तो कमी झाला होता. माणूस जागा बदलतो तेव्हा त्याचं मापही बदलतं आणि जुन्या दिवसांना तो नव्या मापाने मोजतो.

चीनमधल्या २००२ च्या मोठ्या पाहणीत हेच दुसऱ्या बाजूने दिसलं. ० ते ४ च्या मापावर खेड्यातल्या कुटुंबांची सरासरी २.७ च्या आसपास आणि खेड्यातून शहरात येऊन स्थिरावलेल्यांची २.४ च्या आसपास, मिळकत जास्त असूनही. कारण शोधताना पुढे आलं ते असं: गावी असताना ते भावकीशी तुलना करत होते, शहरात शहरवाल्यांशी करू लागले. अपेक्षा मिळकतीच्या पुढे धावल्या. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न हवाच: 'आपलं बरं चाललंय की नाही हे ठरवताना तुमच्या डोळ्यापुढे कोण येतं?' पर्याय ठेवा: गावातले भाऊबंद, चाळीतले-सोसायटीतले शेजारी, कामावरचे लोक, पूर्वीचे आपण स्वतः. विरारच्या एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन माणसांत या एका उत्तराने जेवढा फरक पडतो, तेवढा पगारातल्या फरकाने पडेलच असं नाही.

आणखी दोन निष्कर्ष लक्षात ठेवा. ब्रिटनमधल्या कुटुंब-पॅनेलच्या आकड्यांत असं दिसलं की घर-गाव हलवण्याच्या आधीच्या काळात समाधान घसरतं आणि हलवल्यावर ते पुन्हा मूळ पातळीला येतं. म्हणजे जाण्याच्या ऐन आधीचा आकडा पायाभूत धरला, तर नुसतं पूर्वपदावर येणंही 'फायदा' म्हणून दिसतं. जमलं तर तीन-चार वर्षं आधीचा आकडा धरावा. दुसरा निष्कर्ष अमेरिकेतल्या शहरांचा: काही शहरांत लोक सातत्याने कमी समाधानी असतात आणि तरीही तिथे माणसं जात राहतात, कारण तिथे मिळकत जास्त असते. माणूस फक्त समाधानासाठी हलत नाही. पोरांचं शिक्षण, धाकट्या भावाची सोय, कर्जाचा हप्ता, लग्नाच्या बाजारात 'मुंबईला नोकरीला' या शब्दांना असलेली किंमत, यासाठी तो स्वतःचं समाधान जाणूनबुजून खर्च करतो. समाधान कमी दिसलं म्हणून स्थलांतर फसलं असं लिहू नका. ज्याने हे सगळं ओढून नेलं त्याच्यावर तो अन्याय होईल.

आता प्रश्न कसा विचारायचा ते. मराठीत 'समाधान' या शब्दाचं एक दुखणं आहे आणि भाषांतरित प्रश्नावल्यांत ते कोणी बघत नाही. आपल्याकडे समाधानी असणं हा गुण मानतात. 'आहे त्यात समाधान मानावं' हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. त्यामुळे कौलं गळत असलेल्या घरातली आजी 'मी समाधानी आहे हो' म्हणते तेव्हा ती आयुष्याला गुण देत नसते, आपला स्वभाव सांगत असते. असमाधानी म्हणजे हावरट, असा अर्थ तिच्या मनात असतो. तिचा विरारमधला नातू निःसंकोच ५ म्हणतो, कारण अजून काहीतरी हवंय असं म्हणण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. दोघांतला फरक आयुष्यातला किती आणि शब्दातला किती, हे नंतर कुठल्याही गणिताने वेगळं करता येत नाही.

म्हणून शिडीचा प्रश्न वापरा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी तो १९६५ मध्ये मांडला आणि जागतिक आनंद अहवालात देशांचे जे क्रमांक लागतात ते याच प्रश्नावर. बोली मराठीत तो असा बसतो: 'ही एक शिडी आहे. सगळ्यात वरची, दहावी पायरी म्हणजे तुमच्यासाठी जितकं चांगलं आयुष्य असू शकतं ते. सगळ्यात खाली, शून्यावर, म्हणजे जितकं वाईट असू शकतं ते. आजच्या घडीला तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात?' 'तुमच्यासाठी' हा शब्द गाळू नका. तो गाळला तर माणूस अंबानींच्या घराशी तुलना करतो. शिडी जाड कागदावर ठळक छापून न्या, पायऱ्यांना देवनागरी अंक. अक्षरओळख नसेल तर बोट ठेवायला सांगा. आधी एक सरावाचा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ 'गावच्या एसटीची सोय कुठल्या पायरीवर?' यावर लोक मोकळेपणी खालची पायरी दाखवतात आणि ५ च्या खाली बोट न्यायला हरकत नाही हे कळतं. जर्मन धर्तीचा 'किती समाधानी' हा प्रश्नही ठेवायचा असेल तर शिडीनंतर ठेवा. दोन्हीतलं अंतर गावात आणि मुंबईत वेगवेगळं आलं, तर शब्दाचा परिणाम किती ते त्यावरून कळेल.

हा प्रश्न मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा, मिळकत, कर्ज आणि आजारपणाच्या आधी. कर्जाचे आकडे सांगून झाल्यावर माणूस खालची पायरी दाखवण्याची शक्यता वाढते. पाहणीची ओळख 'स्थलांतराचा अभ्यास' अशीही करून देऊ नका. तसं म्हटलं की मुंबईकर आपल्या निर्णयाचं समर्थन करायला लागतो आणि गावात राहिलेला आपली बाजू मांडायला लागतो. 'कुटुंब आणि रोजचं आयुष्य' एवढं पुरे. सून बोलत असताना सासू पडवीतच बसलेली असेल तर तिला उठवायला जाऊ नका, त्याने गोष्ट बिघडते. सुनेच्या हातात कागद-पेन्सिल द्या, तिने पायरीवर खूण करून कागद दुमडून द्यावा. 'मुलाखतीच्या वेळी कोण हजर होतं' हा रकाना मात्र प्रत्येक अर्जावर भरलाच पाहिजे. गावात समोरासमोर आणि मुंबईत फोनवर असा मिश्र प्रकार अजिबात नको. मग जागेतला फरक आणि पद्धतीतला फरक एकमेकांत मिसळतो.

माप बदलण्याच्या अडचणीवर आणखी एक इलाज आहे, तो म्हणजे काल्पनिक माणसाला पायरी द्यायला लावणं. 'सुनंदाबाईंचं स्वतःचं दोन खोल्यांचं पक्कं घर आहे. नवरा महिन्यातून एकदा घरी येतो. पैशाची ओढाताण नाही, पण गुडघे दुखतात. त्या कुठल्या पायरीवर?' अशी दोन किंवा तीन माणसं, सगळ्यांना तीच. मुंबईकर सुनंदाबाईंना ५ आणि गाववाले ७ देत असतील, तर दोघांची शिडीच वेगळी आहे आणि स्वतःबद्दलच्या आकड्यांची तुलना त्या हिशोबाने सुधारावी लागते.

नमुना कसा काढायचा, हा या कामातला सगळ्यात मेहनतीचा भाग. सोपा मार्ग म्हणजे मुंबईतल्या गावकी मंडळाकडे जाऊन यादी घेणं, आणि नेमका तोच चुकीचा. मंडळाच्या सभेला येणारा माणूस स्थिरावलेला, ओळखी-पाळखीचा, वर्गणी देऊ शकणारा असतो. ज्याचं बिनसलं, ज्याची नोकरी गेली, ज्याने गावाशी संबंध तोडला, तो तिथे नसतो. यादी गावातून निघायला हवी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये करआकारणीसाठी सगळ्या घरांची नोंद असते. त्यातून घरं निवडा आणि त्यात कुलूप लावलेली घरंही धरा. ही बंद घरं वगळली की अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं हिशोबातून जातात आणि उरतात ते एक पाय गावात ठेवून असलेले. बंद घरवाल्यांचा फोन भावकीत कोणाकडे ना कोणाकडे असतो.

घरात शिरल्यावर 'घरात किती माणसं?' असं विचारलंत तर उत्तर येईल 'आम्ही सहा', आणि त्यातले तिघं मुंबईला असतील. रेशनकार्डावर नाव आहे, गणपतीला येतात, शेताच्या सातबाऱ्यावर आहेत, म्हणजे घरातलेच. 'मुलगा मुंबईला असतो' या वाक्यात तो गेलेला नसतोच. म्हणून प्रश्न असा हवा: 'या घरात वाढलेली, पंधरा वर्षांवरची सगळी माणसं सांगा, आज कुठेही असोत.' मग प्रत्येकासमोर जन्मसाल, कितवी शिकल्यावर गेला, कोणत्या साली, कुठे, कशासाठी, आणि गेल्या बारा महिन्यांत कुठे किती महिने होता. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि लग्न होऊन आलेल्या सुना यांचा रकाना वेगळा ठेवा. २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीत देशातले २८.९ टक्के लोक स्थलांतरित ठरले, पण स्त्रियांत हे प्रमाण ४७.९ टक्के आणि पुरुषांत १०.७. हा फरक मुख्यतः लग्नाचा आहे. शेजारच्या गावात दिलेली मुलगी आणि मुंबईत कामाला गेलेला मुलगा यांना 'स्थलांतरित' म्हणून एकत्र केलंत, तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

यादी गणपतीत करा, तेव्हा सगळे घरी असतात आणि फोन नंबर मिळतात. मुलाखती मात्र तेव्हा घेऊ नका. भरल्या घरातली आई त्या आठवड्यात जी पायरी दाखवते ती वर्षातल्या इतर पन्नास आठवड्यांची नसते. भातकापणी उरकली की नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दोन्हीकडच्या मुलाखती त्याच त्या आठवड्यांत घ्या. मुंबईतले पुरुष रविवारीच भेटतात, म्हणून वारही नोंदवा. यादीतले निदान ऐंशी टक्के लोक शोधून काढणं हे उद्दिष्ट ठेवा आणि न सापडलेल्यांचं वय, शिक्षण, जाण्याचं साल घरच्यांकडून तरी घ्या. सापडलेले आणि न सापडलेले यांत मोठा फरक निघाला तर तो अहवालाच्या पहिल्या पानावर सांगावा लागतो.

माणसं किती लागतील? ० ते १० च्या मापावर प्रमाण विचलन, म्हणजे उत्तरं सरासरीपासून किती दूर पसरतात त्याचं माप, साधारण २ असतं. ०.३ गुणाचा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात १६ गुणिले ४ भागिले ०.०९ (१६ हा ठोकताळ्यातला ठरलेला अंक, ४ हा विचलनाचा वर्ग, ०.०९ हा फरकाचा वर्ग), म्हणजे सुमारे ७११ जण. पण तुम्ही गावागणिक वीस-वीस माणसं घेणार, आणि एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. हे साम्य ० ते १ च्या मापावर ०.०५ धरलं तरी संख्या १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट करावी लागते. झाले जवळपास १३९०, एका गटात. एवढी ताकद नसेल तर ०.५ गुणाचा फरक शोधायचा असं ठरवा, मग साधारण ५०० पुरतात. शंभर-शंभर लोकांच्या पाहणीवरून '०.२ ने जास्त समाधानी' असं लिहिणं टाळा.

विश्लेषणात दोन चुका हमखास होतात. पहिली वयाची. गावात म्हातारे जास्त, मुंबईत चाळिशीतले जास्त. १८-३४, ३५-५९ आणि साठीपुढचे असे गट पाडा, प्रत्येकात तुलना करा आणि मग दोन्हीकडे एकच वयोरचना धरून सरासरी जोडा. दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे: समाधानाचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणात आजची मिळकत आणि घराचा आकार 'नियंत्रण' म्हणून घालणं, म्हणजे त्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्या आहेत असं धरून तुलना करणं. मिळकत वाढली ती स्थलांतरामुळेच. ती स्थिर धरली की स्थलांतराच्या परिणामाचा मोठा वाटा तुम्ही स्वतःच पुसून टाकता आणि उरतो तो प्रवास, खोली आणि एकटेपणा. मग 'स्थलांतराने नुकसान होतं' असा निष्कर्ष आपोआप येतो. पहिल्या समीकरणात फक्त जाण्याआधीच्या गोष्टी ठेवा: जन्मसाल, लिंग, जात, आईवडिलांचं शिक्षण, जमीन, गावात झालेलं शिक्षण. मिळकत आणि घर दुसऱ्या समीकरणात घाला, परिणाम कुठल्या वाटेने आला ते दाखवण्यासाठी.

जाण्याआधीचा आकडा नाही, त्याला पर्याय म्हणून भावाभावांची तुलना सगळ्यात उपयोगी. एक गेला, एक राहिला, घर तेच, जमीन तीच, आईबाप तेच. कोकणात अशा जोड्या भरपूर मिळतात. फक्त राहिलेला का राहिला ते विचारा. बऱ्याचदा तो आईवडिलांसाठी राहिलेला असतो आणि त्याच्या पायरीत ते ओझं किंवा तो मान मिसळलेला असतो. गेलेल्यांची विभागणी दोन वर्षांच्या आतले, दोन ते नऊ आणि दहापेक्षा जास्त वर्षांचे अशी करा. पहिल्या वर्षाचा आकडा आणि पंधराव्या वर्षाचा आकडा एकाच टोपलीत टाकू नका.

परत आलेल्यांचा गट वेगळा काढायचा तो एवढ्याचसाठी की परत येण्याची कारणं दोन टोकांची असतात. निवृत्तीनंतर घर बांधून आलेला आणि आजारपणाने किंवा काम सुटल्याने आलेला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर कितीतरी कामगार गावी परतले, ते यातल्या दुसऱ्या टोकाचे. जे परततात त्यांना वगळून मुंबईतल्यांचीच सरासरी काढली तर मुंबई आहे त्यापेक्षा बरी दिसते, कारण ज्यांना तिथे टिकता आलं नाही ते तुमच्या नमुन्यात गावाच्या खात्यावर पडलेले असतात.

मागे राहिलेल्यांत बायको, आईवडील आणि धाकटा भाऊ यांना एकत्र करू नका. पैसे येतात हे तिघांना सारखंच असतं, पण त्या पैशावर हुकूम कोणाचा ते नसतं. 'गेल्या महिन्यात पैसे कोणाच्या खात्यावर आले?' आणि 'पाचशेपेक्षा जास्तीचा खर्च कोणाला विचारून करता?' एवढे दोन प्रश्न घातले तरी बायकोच्या आणि सासूच्या पायऱ्या का वेगळ्या आल्या ते बरंचसं उलगडतं. पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी पडताळा घ्यायला लासी (लाँजिट्युडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) ही राष्ट्रीय पाहणी आहे. २०१७-१८ च्या तिच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांवर लोकांना जीवन-समाधानाची पाच विधानं विचारली गेली. राज्यपातळीचा अंदाज घ्यायला ती चांगली, जिल्ह्याच्या निष्कर्षाला पुरणार नाही.

हाच आराखडा पुढे बीडला न्यायचा विचार असेल, तर एक मोठा बदल लागेल. ऊसतोडीला जाणारं जोडपं दिवाळीच्या सुमारास निघतं आणि मार्च-एप्रिलला परत येतं. सरकारी पाहण्यांत माणसाला स्थलांतरित मानायला साधारणपणे सहा महिने ही रेषा असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या फेरीत कामासाठी एक महिना ते सहा महिने बाहेर राहणाऱ्यांना अल्पमुदतीचे स्थलांतरित म्हणून वेगळं मोजलं होतं. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगाम लांबला की या रेषेच्या पलीकडे जातो, आखूड झाला की अलीकडे. जानेवारीत वडवणी किंवा धारूरच्या तांड्यावर गेलात तर म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील. ऑगस्टमध्ये गेलात तर मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नुकतीच हातात आलेली असेल, घराचं काम निघालेलं असेल आणि पायरी वर असेल. मे महिन्यात हिशोब होऊन अंगावर बाकी निघालेली असेल. माणूस तोच, आयुष्य तेच, आकडे तीन. तिथे एक फेरी करून भागत नाही: ऑगस्टमध्ये गावात, डिसेंबर-जानेवारीत कारखान्याजवळच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर), आणि मेमध्ये पुन्हा गावात, त्याच जोडप्यांकडे, नवरा आणि बायको दोघांना वेगवेगळं बसवून.